सोजराबाईचं वाढलेलं वजन

कापूस तोलायच्या काट्यावर त्या दिवशी माणसं तोलली जात होती. जळगाव जामोदजवळच्या आमच्या गावात, तागडीबाबांच्या मठापुढे उभं राहायला जागा नव्हती. रंगरावाची बायको सोजराबाई काट्यावर बसली आणि बाबा गरजले, "चार किलो वाढलं! क्षय पळाला! बोला, जय!"

मी किराणा दुकानदार. तोलणाऱ्याच्या हाताकडे बघायची मला खोड. पण काटा खरा होता, वजनही खरं. खोट दुसरीकडे होती. नव्या रोग्याला बाबा हातच लावत नसत. "आधी दोन महिने सरकारी गोळी खा, अंग शुद्ध कर, मंग ये." दोन महिन्यांनी परत आलेल्याला सांगत, "आता गोळी बंद! गोळी आन् अंगारा एका पोटात नांदत नाहीत."

रंगरावानं बायकोच्या उरलेल्या गोळ्या नदीत सोडल्या आणि पेढे वाटले.

"काऊन बे, गुण गोळीचा अन् पेढे बाबाले?" मी विचारलं.

"भाऊ, तुले देवाचंबी बिल पाह्यजे!" तो हसला.

दिवाळीच्या सुमारास सोजराबाईचा खोकला परतला, रक्त घेऊन. त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण लागू पडेनात. बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडली. दुसरं औषध सुरू झालं तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली.

तेराव्यानंतर सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर छायाताई रंगरावाच्या घरच्यांना तपासायला आल्या. मी ओट्यावरच होतो.

"म्याडम, पयले लागू पडल्या, मंग काऊन नाही? जंतू शिकले का?" रंगरावानं विचारलं.

"शिकत कुणी नाही. तुम्ही तणावर फवारा मारता. बरंचसं मरतं, पण एखाददुसरं रोप जन्मतःच चिवट असतं. ते उरलं, तर पुढच्या साली कुणाचं बी उगवतं?"

"चिवटाचं."

"तसंच झालं. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मेले, म्हणून वजन वाढलं. उरलेल्या चिवटांसाठी पुढचे चार महिने गोळ्या घ्यायच्या होत्या. गोळ्या थांबल्या, रान मोकळं झालं. पुढची सगळी पैदास त्यांची."

रंगराव म्हणाला, "म्हंजे ते चार किलो..."

"गोळ्यांचेच होते."

आत त्याची छकुली खोकली. रंगराव दचकून उठला. डॉक्टरांनी थुंकी तपासायला दिलेली डबी त्यानं तिच्यापुढे धरली. "थुंक, बाई. अन् गोळ्या लागल्या तं मीच देईन. रोज. म्याडम पुरे म्हनेपर्यंत."

बरं वाटणं आणि बरं होणं यांत महिने जातात, मंडळी. बाबा नेमका त्याच महिन्यांत दुकान मांडतो. तिथं गोळ्या थांबवू नका.