आधी तुम्ही, मावशी

गल्लीतल्या वाचनालयात चहाचे कप बारा होते आणि त्यातल्या एकाचा कान तुटलेला होता. कोणीही येवो, तो कप मावशींच्या वाट्याला. वाट्याला कसला, त्या स्वतःच पुढे होऊन उचलायच्या. "मला सवय आहे हो," म्हणायच्या आणि बोटं भाजत चहा प्यायच्या. पातेल्याच्या तळाचं त्यांना, पंख्याखालची खुर्ची दुसऱ्याला. असतात बाबा काही माणसं अशी. त्यांना चांगुलपणाचा आजार असतो, आणि त्यावर औषध कोणी देत नाही, कारण त्या आजाराचा फायदा बाकीच्यांनाच होत असतो.

वाचनालय म्हणजे महापालिकेची एक लांबट खोली. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, मधे दोन मोठी टेबलं, त्यातलं एक जन्मापासून डुगडुगणारं. सव्वीस वर्षं मावशींनी हे वाचनालय सांभाळलं. नर्सिंगच्या दोन मुली एका पुस्तकात डोकं घालून बसायच्या. एक पहारेकरी कामावर जायच्या आधी तासभर येऊन पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, जाहिरातींसकट. ज्यांच्या घरी टेबल मावत नव्हतं अशी निम्म्या गल्लीची पोरं तिथेच शिकून मोठी झाली. आणि त्यातलंच एक पोर मावशींचं स्वतःचं होतं. म्हणजे भाची. बहीण गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मावशींनी तिला उचलून आणलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय बाजूला ठेवला, तो ठेवलाच. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. माऊ म्हणायचा हक्क मात्र भाचीचा एकटीचाच.

भाची शिकली, हुशार निघाली, आणि महापालिकेच्या शहरशाळा प्रकल्पात मोठ्या जागेवर लागली.

"माऊ, शाळा म्हणजे चार भिंती, हे खूळ डोक्यातून काढायचंय," ती हातवारे करत सांगायची. "माणूस जिथे थांबतो तिथे शिकतो. लॉन्ड्रीत, सलूनमध्ये, बसथांब्यावर. तिथे आम्ही पडदा, कॅमेरा आणि माइक लावणार. कोणीही बटण दाबून प्रश्न विचारायचा आणि शहरात ज्याला येतं त्याने आपल्या दुकानात बसून उत्तर द्यायचं. आणि गंमत म्हणजे कुठे काय लावायचं ते आम्ही नाही ठरवणार. लोक ठरवणार!"

मावशींना ते मनापासून पटलं. नुसतं पटलं नाही, त्या पदर खोचून कामाला लागल्या. सलूनवाल्याला वाटत होतं, पडदा लागला की गिऱ्हाईक मान हलवणार आणि कान कापला जाणार. त्याची समजूत मावशींनी काढली. पंक्चरकाका तर ऐकेचनात. "माझ्या दुकानात कॅमेरा? माझा अवतार बघितलाय का तुम्ही?" मावशींनी त्यांना नवा शर्ट घालायला लावला. शिंपीणबाईंना पहिलाच प्रश्न शहराच्या दुसऱ्या टोकाहून आला. कोणीतरी बाप्या विचारत होता, पिशवीला चेन कशी लावायची? बाईंनी आधी त्याला दहा मिनिटं झापलं, मग शिकवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पडद्यासमोर सहा जण वह्या घेऊन उभे! त्यानंतर शिंपीणबाई आरशात बघून दुकान उघडायला लागल्या.

हे सगळं कोणामुळे झालं? मावशींमुळे. भाचीने शहरात वीस वस्त्यांत हात घातला होता, पण एवढा रंग कुठेच भरला नव्हता.

मग एका रविवारी वाचनालयात मोठी बैठक झाली. भाची सोडून बारा माणसं, बारा कप. भाचीने टेबलावर वस्तीचा नकाशा पसरला. आधी हिरव्या चकत्या वाटल्या. जिथे शिकायची नवी जागा हवी तिथे ठेवायच्या. नुसता गोंधळ, हसणं, भांडणं. लॉन्ड्रीवाल्याने स्वतःच्या दुकानावर तीन ठेवल्या आणि पकडला गेला.

मग भाचीने प्रत्येकाच्या हातात एकेक लाल चकती दिली.

"आता उलटा प्रश्न. यातली कुठली एक जागा नसली तरी चालेल? खेळच आहे हो, जास्त विचार करू नका." आणि ती मावशींकडे वळली. "आधी तुम्ही, मावशी. तुम्ही सगळ्यांत मोठ्या."

चारचौघांत लेकीने आपल्याला अहो-जाहो केलं, याचंच मावशींना हसू आलं. अभिमानही वाटला. चकती हातात घेऊन त्या नकाशाकडे बघत राहिल्या. सलूनवर ठेवावी? बिचाऱ्याने कालच पडदा पुसून लख्ख केला होता. शिंपीणबाईंच्या दुकानावर? त्या शेजारीच बसल्या होत्या. आलेल्या पाहुण्याच्या ताटातलं कोणी उचलतं का? खेळच तर आहे, असं म्हणत मावशींनी लाल चकती आपल्या वाचनालयावर ठेवली.

"हे बघा मावशी!" सगळे हसले. मग शिंपीणबाईंनी आपली चकती त्याच्यावर ठेवली, कारण मावशींनी ठेवली होती. मग सलूनवाल्याने, मग लॉन्ड्रीवाल्याने. अकरा चकत्यांची चांगली चळत झाली. एकटे पंक्चरकाका म्हणाले, "मी काही सोडणार नाही. चालेल कसं? काहीच नसलेलं चालणार नाही," आणि त्यांनी आपली चकती डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल प्रथमच गप्प बसलं. भाचीने नकाशाचा फोटो काढला, सगळ्यांचे आभार मानले आणि ती घाईघाईने निघाली. जाताना तिचा खेळाचा खोका तिथेच राहिला.

तीन आठवड्यांनी महापालिकेचं पत्र आलं. लोकसहभागातून घेतलेल्या निर्णयानुसार सदर वाचनालय महिनाअखेर बंद करण्यात येत आहे. पुस्तकं गोदामात जमा करावीत. हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवावी. सोबत फोटो. नकाशावर अकरा लाल चकत्या, आणि सगळ्यांत खालच्या चकतीपाशी मावशींचा हात. अंगठीवरून कोणीही ओळखलं असतं.

मावशींनी पत्र दोनदा वाचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! पण तरी पहिला विचार काय आला असेल? की पोरीच्या हातून चूक झाली. वरच्यांनी तिला फसवलं असेल. बिचारीला तोंड दाखवायला जागा राहिली नसेल. बघा, म्हणजे स्वतःचं घर जळतंय आणि या शेजारणीला पाणी नेऊन देतायत.

दुपारी त्यांनी भाचीचा खोका परत करायचा म्हणून आवरायला घेतला. तळाशी एक घडी केलेला कागद होता, खेळ कसा घ्यायचा त्याच्या सूचना. मावशींना छापलेलं काहीही न वाचता टाकवत नसे, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा. त्यांनी चष्मा लावला.

"सर्वांनी चकती मुठीत झाकून एकाच वेळी ठेवावी. यजमानांना किंवा ज्येष्ठ व्यक्तीला आधी ठेवायला सांगू नये. यजमान संकोचाने स्वतःची जागा निवडतात आणि इतर त्यांचे अनुकरण करतात."

त्या वाक्यांखाली रेघ होती. पेन्सिलीची, पट्टी लावून मारलेली, हलकी.

पुस्तकात खूण करायची तर पेनाने नाही, पेन्सिलीने. पट्टी लावून, हलक्या हाताने, पुसता येईल अशी. भाची सहा वर्षांची असताना मावशींनीच तिचा हात धरून शिकवलं होतं. या शहरात अशी रेघ मारणारी दोनच माणसं होती.

मावशी बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणजे हिने हे वाचलं होतं. नीट वाचलं होतं. आणि वाचून झाल्यावर बरोब्बर त्याच्या उलट केलं होतं.

संध्याकाळी भाची आली. फोनवर तिला फक्त "ये" एवढंच सांगितलं होतं. वाचनालयात दुसरं कोणी नव्हतं. मावशींनी सवयीने चहा टाकला, धड कप तिच्यापुढे ठेवला, कान तुटलेला स्वतः घेतला, आणि टेबलावर तो कागद उघडून ठेवला.

भाचीने रेघ पाहिली. तिचा चेहराच पडला.

"माऊ, वरून ठरलं होतं. एका वस्तीत एक जुनी जागा बंद केल्याशिवाय पुढची यंत्रं मिळणार नव्हती. आणि लोकांची संमती दाखवायची होती. मी नसतं केलं तर दुसऱ्या कोणी केलं असतं."

"मग मला सांगायचंस. मी काय परकी होते?"

"सांगितलं असतं तर तू गल्लीला सांगितलं असतंस."

"मग वाचनालयच का गं? एवढ्या जागा होत्या."

भाचीने कप बाजूला सरकवला. मग जे बोलली ते एका दमात, जणू पाठ केलेलं. "सलूनवाला भांडला असता. शिंपीणबाई तर कोर्टात गेल्या असत्या. दुसरी कुठलीही जागा घेतली असती तर दोन वर्षं अडकलं असतं सगळं. तू भांडत नाहीस, माऊ. मला माहीत होतं तू चकती कुठे ठेवशील."

मावशींचं बोट गरम कपाला चिकटलं होतं. त्यांनी ते काढलं नाही. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण गुपचूप तळाचं खातो, कोणाच्या लक्षात येत नाही. पोरीच्या लक्षात आलेलं होतं. ताटाशी बसून तिने चौथ्या वर्षापासून सगळं पाहिलेलं होतं, आणि त्याचा उपयोग कुठे होईल हेही तिला कळलेलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात, पण तो केसही मावशींच्याच डोक्यावरचा होता. त्यांना राग आला. असा राग त्यांना उभ्या आयुष्यात आला नव्हता आणि त्याचं काय करायचं असतं तेही माहीत नव्हतं.

"तुला मी मार्गदर्शक म्हणून घेणार आहे," भाची घाईने म्हणाली. "इथे मोठा पडदा लागेल, तू त्याच्यासमोर बस, लोकांना पुस्तकं सुचव. जागा तीच, माऊ. फक्त कपाटं जातील."

"नर्सिंगच्या मुली कुठे बसतील?"

"कुठेही बसतील. तेच तर..."

"जा तू," मावशी म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत घरी जा." एवढं झाल्यावरही अंधाराची काळजी होतीच. सवय काय एका दिवसात सुटते?

गल्लीला कळलं तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शिंपीणबाई रडल्याच. "तुम्ही ठेवलीत म्हणून मी ठेवली हो." पंक्चरकाकांनी टेबलाखालची चकती काढून आणली आणि "ही अजून माझ्याकडे आहे," म्हणत ते सगळ्यांना दाखवत फिरले. पण हरकत नोंदवायची म्हटल्यावर सगळे चुळबुळायला लागले. कारण नुसती हरकत चालणार नव्हती. लोकांची संमती फसवून घेतली हे दाखवायचं तर तो कागद जोडावा लागणार. आणि कागद जोडला की भाचीची नोकरी गेली म्हणून समजा.

"आपलेच दात, आपलेच ओठ," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "पोर आहे तुमची. पोटात घाला मावशी."

सलूनवालाही तेच म्हणाला. सगळे भले लोक, सगळ्यांना मावशींची कणव. आणि मावशींनी सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, तेव्हा त्यांना कळलं की हे पुन्हा तेच चाललंय. आधी तुम्ही, मावशी. तळाचं तुम्ही घ्या.

चौदाव्या दिवशी सकाळी त्या महापालिकेच्या कार्यालयात गेल्या. बाकावर बसून त्यांनी फॉर्म भरला. जागेचं नाव, हरकतीचं कारण, जोडलेले कागद: एक. मग रकाना होता, हरकत कोणाविरुद्ध. भाचीचं पूर्ण नाव लिहिताना त्यांना तिच्या पहिल्या वहीचं कव्हर आठवलं. तिथेही हे नाव त्यांनीच लिहिलं होतं. त्याखाली होतं, संबंधित व्यक्तीशी नाते असल्यास लिहा. मावशींनी "भाची" लिहिलं. मग ते खोडलं आणि वर "मुलगी" लिहिलं.

रांगेतून पुढे गेल्यावर खिडकीतल्या कारकुनाने फॉर्मवर नजर फिरवली आणि परत सरकवला. "खाडाखोड चालत नाही. दुसरा भरा."

मागच्या रांगेने सुस्कारा टाकला. कोणाला खोळंबा नको म्हणून मावशी नेहमी बाजूला व्हायच्या, रांग सोडून द्यायच्या, उद्या येते म्हणायच्या. आज त्यांनी तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर नवा फॉर्म ठेवला आणि पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा लिहिलं. नात्याच्या रकान्यात या वेळी एकच शब्द होता.

कारकुनाने वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "मुलगी? स्वतःच्या मुलीविरुद्ध देताय?"

"हो," मावशी म्हणाल्या. "पोच द्या."

"पोच दुपारी मिळेल. बाजूला बसा."

"नाही," मावशी म्हणाल्या, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोरून हलल्या नाहीत.