सगळ्या तारखा मधोमध

आमच्या थोरल्या लेकाला एक खोड आहे. काही बिघडलं की आधी ते दिसेनासं करतो. लहानपणी फुटलेली बशी चांगल्या बश्यांच्या खाली सरकवायचा. आता टक्कल पडलं, खोड तीच.

आमचं शिवणाचं दुकान. मी मापं घेते, कापते, सून मशीनवर बसते. थोरल्याने सुई सोडली आणि कॉम्प्युटर आणला. कुणाचे कपडे कधी द्यायचे ते त्याने रकान्यात भरलं, आणि पडदा सांगेल त्या क्रमाने आम्ही शिवायचं असं ठरवलं. त्यानेच.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, काही तारखा रकान्याच्या डाव्या भिंतीला चिकटल्यात आणि काही उजव्या, भांडलेल्या व्याह्यांसारख्या, हे काय? त्याने एक बटण दाबलं. सगळ्या तारखा मधोमध येऊन बसल्या. झालं म्हणाला.

मग बुधवारी नर्सबाई आल्या. रविवारी त्यांचं लग्न, झगा घालून बघायचा होता. झग्याचं कापड अजून फळीवर घडी घालून पडलेलं. थोरल्याने पडद्यावर बोट ठेवलं: चार, तीन. बाई म्हणाल्या, बरोबर, चार मार्च, म्हणजे आजच. मग मार्चचा झगा एप्रिलच्या कपड्यांत काय करतोय, हे सुनेने विचारलं. मी विचारलं असतं तर आवाज चढला असता.

थोरल्याने महिना अक्षरांत दाखवायला लावला. चार-तीनचा झाला तीन एप्रिल. कॉम्प्युटर महिना आधी वाचत होता. बारापर्यंतचे दिवस त्याने महिने म्हणून घेतले. त्यापुढचे त्याला पटलेच नाहीत, म्हणून नुसती अक्षरं समजून डावीकडे टाकले. बिचारा भिंतीला लावून दाखवत होता की इथे गडबड आहे. आमच्या शहाण्याने मधे आणून बसवलं.

नर्सबाई रडल्या नाहीत. फक्त खुर्चीवर बसल्या आणि उठेनात. मी म्हटलं, शनिवारी या. त्या गेल्यावर मीच बसले.

थोरल्याने कॉम्प्युटरला दिवस आधी वाचायला लावलं. मग कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्या बघून एकेक तारीख पुन्हा भरली, महिना अक्षरांत. तोवर मी झगा कापला, सुनेने शिवला. घेर एवढा की खालची दुमड हाताने घालायला तिसरा माणूस हवा. मी थोरल्यापुढे सुई धरली. तो जमिनीवर बसला. शनिवार दुपारपर्यंत मान वर केली नाही.

नर्सबाईंनी झगा घातला, आरशापुढे गोल फिरल्या आणि तसाच अंगावर ठेवून पैसे काढायला लागल्या. सुनेने आठवण करून दिली तेव्हा उतरवला.

त्या गेल्यावर थोरला माझ्याकडे बघत उभा राहिला. दुमड मी आधीच उलटून पाहिली होती.

"टाका बरा आहे तुझा," मी म्हटलं. "पण यापुढे वाकडं दिसलं की वाकडंच आणून दाखवायचं मला. सरळ करून नाही."