खडीचा ओवो

उलानबातारच्या उत्तरेला, जिथे तंबू आणि फळ्यांची कुंपणं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी असतात, त्या टेकडीच्या माथ्यावर 'उबदार हात' या संस्थेने ट्रकभर खडी आणून ओतली, आणि उंड्राम आनंदाने अशी किंचाळली की शेजारचं कुत्रं दिवसभर तिच्याकडे संशयाने बघत राहिलं.

का नाही किंचाळणार? त्या खडीच्या पायऱ्या होणार होत्या! पाण्याची टपरी खाली, न्हाणीघर खाली, अख्खं जग खाली; आणि मधे एकच उतार, तोही हिवाळ्यात काचेसारखा. गेल्या हिवाळ्यात उंड्रामची डुलामआजी त्यावरून जी घसरली, ती त्यानंतर खाली उतरलीच नव्हती. आणि खाली राहणारी सेरेन्खंदआजी, जिला डुलामआजीने मेंढीच्या घोट्याच्या हाडांच्या खेळात जन्मभर हरवलं होतं, ती आता टपरीवर सांगत सुटली होती, "डुलाम घाबरली हो! पडायला नव्हे, हरायला."

हे कानावर आलं की आजीच्या नेहमीच्या खारट चहात मीठ जरा जास्तच पडायचं.

"आजी, ट्रकवाला मागच्या लांबच्या रस्त्याने परत चाललाय. बसतेस?" उंड्रामने विचारलं.

"मी काय खडी आहे? माझ्या पायांनी उतरेन आणि त्या भवानीच्या दारात उभी राहीन!"

म्हणजे जमीन गोठायच्या आत पायऱ्या व्हायलाच हव्या होत्या. सिमेंट पुढच्या आठवड्यात येणार होतं. तोवर खडी कोणी नेऊ नये म्हणून संस्थेच्या सोलोंगोताईने ढिगात काठी रोवली, काठीला निळ्या ताडपत्रीची पट्टी बांधली आणि ती निश्चिंत मनाने गेली.

आता तुम्हीच सांगा. टेकडीचा माथा, दगडांचा ढीग, वर फडफडणारं निळं काहीतरी: डोंगराच्या देवाचा ओवो असाच तर दिसतो. आपल्याकडचा कुठला माणूस नुसता पुढे जाईल?

पहिल्याने टोपी काढली, ढिगावर एक दगड ठेवला, तीन प्रदक्षिणा घातल्या आणि गेला. त्याचं बघून दुसऱ्याने. तिसरीने दूध शिंपडलं. कोणी गोळ्या ठेवल्या, कोणी जुनी कुबडी. मग एकाची हरवलेली गाय सापडली, आणि मग तर विचारूच नका, शहरातून मोटारी यायला लागल्या! सिमेंट येईपर्यंत खडीचा ओवो झाला होता. चांगला दुप्पट.

मुकादम गोम्बोकाका फावडं घेऊन आले. ढीग पाहिला, फावडं खाली ठेवलं, टोपी काढली आणि प्रदक्षिणा सुरू केल्या.

"काका! अहो, ही आपली खडी आहे!"

"होती, पोरी. आता ओवोतला दगड काढू? हात झडतील माझे."

"पण ती ताडपत्री आहे!"

"असू दे. डोंगर काय कापडाचा भाव विचारतो?"

सोलोंगोताईने डोक्याला हात लावला आणि दुसरा ट्रक मागवला. ट्रकवाला आला, खाली उतरला, हात जोडले आणि सगळीच्या सगळी खडी ओवोवर ओतून मोकळा झाला.

"अहो, हे काय केलंत?" सोलोंगोताई रडायच्या बेतात.

"लोक एकेक दगड वाहतात, मी ट्रक वाहिला," तो डोळे पुसत म्हणाला. "पोरगा परीक्षेला बसलाय हो."

तिसऱ्या ट्रकला संस्था तयार होईना. वारा बोचरा झाला. अशात ओवोची रीतसर पूजा करायला एक म्हातारे लामा वर आले, येताना दोनदा घसरले, आणि उंड्राम तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, ओवोतला एक दगडसुद्धा काढता येत नाही?"

"नाही, बाळ."

"आणि वाहायचा असला तर?"

"वाहा की. दगड डोंगराला असतो."

"उतार डोंगराचाच ना?"

लामांनी गुडघा चोळत मागे वळून पाहिलं. कान खाजवला. "डोंगराचाच. त्यात शंका नाही."

बस्स! उंड्राम जी धावली ती उताराच्या पायथ्याशीच थांबली. दगड घेऊन येणाऱ्या प्रत्येकावर ती ओरडत सुटली, "वर जागा नाही! पाय घसरेल तिथे वाहा! चपटा असेल तर उत्तम! काका, हा काय बटाटा आणलात? चपटा, चपटा!" भाविकांनी मुकाट्याने ऐकलं. गोम्बोकाका मागून सिमेंट ओतत आले. दगड काढायचा नसून बसवायचा होता, त्यामुळे त्यांचे हात झडायची भीती नव्हती. पहिला बर्फ पडला त्या सकाळी कठड्यासकट पायऱ्या माथ्याला टेकल्या.

डुलामआजीने नवा रेशमी कमरपट्टा बांधला, हाडांची पिशवी घेतली आणि उतरायला लागली. बरोब्बर मध्यावर समोरून सेरेन्खंदआजी धापा टाकत वर येत होती, हातात चपटा दगड.

"तू? इकडे कुठे?"

"ओवोला. तुझा पाय बरा व्हावा म्हणून, मेले! जिंकायला कोणीतरी नको का?"

"बाजूला हो, मला तुझ्या घरी जायचंय."

"तूच हो. मला वर जायचंय."

दोघीही होईनात. शेवटी दोघी तिथेच पायरीवर बसल्या आणि मधे हाडं टाकली. वरून पाण्याचे रिकामे डबे, खालून भरलेले, सगळी टेकडी तुंबली. पहिला डाव डुलामआजीने जिंकला, तेव्हा कोणीतरी भक्तिभावाने टोपी काढली आणि कठड्याला निळं कापड बांधलं.

"सोडा ते!" उंड्राम दोन-दोन पायऱ्या गाळत धावली. "आधी सोडा!"