भट्टीतून कपाटात

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी हळुवार बोलावे, अशी तुमची अपेक्षा असते. मी एक जुनी नळी आहे. हातभर लांब, दोन्ही तोंडांनी उघडी. पण हळुवार बोलणे मला जमणार नाही. मी संतापलेली आहे.

माझे कूळ गारगोटीचे. शुद्ध गारगोटी प्रखर ज्वाळेत वितळवून मला ओढले गेले. दिसायला मी काचेसारखी. पण जिथे काच मेणासारखी लवते, तिथे माझा आकार ढळत नाही. ट्युनिशियातील साहेलच्या किनाऱ्यावरील एका प्रयोगशाळेत मला भट्टीच्या पोटात आडवे निजवले गेले आणि माझी गाठ दोरसाफशी पडली.

दोरसाफ तिथली संशोधक, हमादी नावाच्या कोळ्याची मुलगी. त्यांच्या गावाच्या खाडीत जीन्स धुणाऱ्या एका कारखान्याचे पाणी येऊन मिळे. निळे, दाट, मुके पाणी. मासे खाडी सोडून गेले होते आणि हमादीचे जाळे दुरून आणलेल्या आठवणीसारखे कोरडे लटकत असे. दोरसाफला ते पाणी स्वच्छ करायचे होते.

तिची रीत सांगते. टायटॅनियमचे एक द्रावण बाटलीत उबेला ठेवायचे. त्याची वाफ निघे आणि नायट्रोजनचा मंद झोत तिला माझ्यातून वाहून नेई. माझ्या पोटात मांडलेल्या, गारगोटीच्याच तापल्या पट्ट्यांवर ती वाफ ऑक्साइड होऊन बसे. केसापेक्षा कितीतरी पातळ थर. ही पट्टी निळ्या पाण्यात ठेवून उन्हात सोडली, की थर ऊन पिई आणि पाण्यातला रंग कणाकणाने तुटत जाई. पाणी हळूहळू फिके होताना मी पाहिले आहे, मित्रांनो. त्याहून सुंदर काही मी पाहिलेले नाही.

थोडी वाफ माझ्या भिंतींवरही बसे. मी आतून धुरकट, इंद्रधनुषी झाले होते. तो लेप दोरसाफ कुणाला धुऊ देत नसे. मातीच्या भांड्यात तेल मुरते तशी नळी मुरावी लागते, कोरी नळी दर वेळी वेगळे वागते, असे ती नव्या विद्यार्थ्यांना बजावी. माझे मळकेपण हीच माझी विद्या होती.

मग पाणीखात्याची माणसे पाहणीला येणार असे ठरले. त्यांची खात्री पटली असती, तर कारखान्याला या पट्ट्यांचा हौद बांधून त्यातूनच पाणी सोडणे भाग पडले असते. खाडीचे नशीब त्या एका दुपारवर आले.

विभागप्रमुख मोंजी, ज्यांना तिथल्या रीतीने सगळे आदराने 'सी मोंजी' म्हणत, त्यांनी पट्टी उचलून खिडकीपाशी धरली. थर धूसर होता, काचेवर श्वास पडल्यासारखा.

"ही पट्टी की धुकं? पाहुण्यांना दाखवायचंय पोरी, लपवायचं नाही."

दोरसाफने शांतपणे सांगितले की ताप वाढवला तर थर चमकेल, पण त्याच्या कणांची ठेवण बदलेल आणि तो उन्हात आळशी होईल. ते हसले. शुक्रवारी ती कुसकुस खायला घरी गेली, तेव्हा त्यांनी स्वतः भट्टी भडकवली. मी माझ्या पोटात ते सहन केले. माझ्याजवळ वाचा नव्हती. असती तर मी किंचाळले असते.

पट्ट्या आरशासारख्या निघाल्या. जुन्या पट्ट्या त्यांनी कुलपात टाकल्या. सोमवारी दोरसाफने त्या मागितल्या, विनवण्या केल्या. पण पाहुणे जिना चढत होते.

प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरच्या गच्चीवर उन्हात निळ्या पाण्याची तबके मांडली, त्यांत त्या चमकत्या पट्ट्या. सगळे थांबले. चहा झाला, पुन्हा झाला. पाणी निळेच राहिले. कोळ्यांच्या वतीने आलेला हमादी तबकावर वाकला.

"चमकते मात्र झकास," तो म्हणाला. "आमच्या जाळ्यात प्लॅस्टिक येतं ना साहेब, तेही असंच चमकतं."

सी मोंजी पाहुण्यांकडे वळून दिलगिरीने हसले. "मुलगी नवखी आहे. हात बसलेला नाही अजून."

"हात माझा नव्हता, सी मोंजी," दोरसाफ म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो मला अजून भाजतो. "भट्टी तुम्ही तापवलीत."

कुणी ऐकले नाही. पाहुण्यांनी घड्याळे पाहिली. उपाय निरुपयोगी, असा निर्णय झाला आणि कारखाना निर्धास्त झाला.

पुढच्याच आठवड्यात तिने योग्य तापावर पट्ट्या केल्या. संध्याकाळपर्यंत पाण्यातून तबकाच्या तळाची नक्षी दिसू लागली. तिने सगळ्यांना बोलावले होते; आला फक्त बाप. त्याने पाण्यात बोट बुडवले, वर धरले, बराच वेळ पाहिले.

"झालंय की गं," तो म्हणाला. "आता बघायला कुणी उरलं नाही, एवढंच."

दोरसाफने प्रयोगशाळा सोडली. ती आता गावच्या शाळेत शिकवते. मला भट्टीतून उपसून आम्लाने धुतले गेले. वर्षानुवर्षे मुरलेले माझे सारे ज्ञान नाल्यात वाहून गेले. आज मी सी मोंजींच्या दालनातील कपाटात मखमलीवर पडून आहे. पाहुणे येतात, किती नितळ नळी, म्हणतात. रोज एक शिपाई मला फडक्याने पुसतो. खाडी अजून निळी आहे.

मित्रांनो, वस्तूची निगा राखा, असे तुम्हाला शिकवतात. मी निगेलाच कंटाळले आहे. ज्या निगेने काम हिरावले जाते, ती निगा नव्हे, दफन आहे. तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन या दालनात आलात, तर माझे कौतुक करू नका. कपाट उघडा. मला पुन्हा भट्टीत ठेवा, पुन्हा मळू द्या. आणि ताप किती द्यायचा, ते दोरसाफला विचारा.