रामप्रसादचे कान आणि शितलची डबी

शितल राठोड सकाळपासून कधी धास्तावत होती, कधी एकटीच हसत होती. होळी महिन्यावर आलेली. बंजारा तांड्यावरच्या लेंगी गाण्यांचं, म्हणजे होळीच्या गाण्यांचं, रेकॉर्डिंग ठरलेलं. गाणार तिची काकी जिवनबाई, नगारा सेवाकाकांचा, आणि गिटार कोणाची ते आज दुपारी ठरणार होतं. या गाण्यांवर वाढलेली पोरगी ती, गिटारही वाजवायची. त्यांत नांदेडच्या कोण्या परक्याची गिटार वाजणार, हे तिला काही केल्या सहन होत नव्हतं.

घोडं अडलं होतं रामप्रसादपाशी. तांड्याजवळच्या गोरेगावात रसवंतीच्या वरच्या खोलीत त्याचं रेकॉर्डिंग चालायचं. गिटारचा आवाज मोठा करणारा, काचेच्या ट्यूबांचा एक जुना अँप होता त्याच्याकडे, उचलायला दोन माणसं लागावीत असा, आणि त्याच्यावर गड्याचा भारी जीव. शितलकडे होती वीतभर डबी. तिला मॉडेलर म्हणतात. मोठमोठ्या अँपचे आवाज ती आतल्या आत हिशेबानं तयार करते आणि वायरीतून थेट कॉम्प्युटरला देते. खोलीत चूं की चां होत नाही, वाजवणारा हेडफोनात ऐकतो.

हेच तर शितलला हवं होतं. काकी एक गाणं दोनदा सारखं गाईल तर शपथ! गिटार तिच्या शेजारी बसूनच वाजवायला हवी, आणि तिथं अँप लावला तर काकीच्या माइकात अँपच घुमेल. रामप्रसादला ते पटेना.

"आधी काकीचं गाणं घेऊ. मागून नांदेडचा गडी माझ्या अँपवर वाजवील, त्याचा हात बसलाय त्याच्यावर," तो म्हणाला. "डबीत कुठं जीव असतो, शितल?"

"मंग वळखून दाखवा न, दादा," शितल म्हणाली. "डबी कोन्ती, अँप कोन्ता. वळखलं तर मी गप घरी जाते."

बोलून बसली खरी, पण आता माघार कशी घ्यायची?

एकच चाल तिनं सहा वेळा वाजवली, तीनदा अँपवर, तीनदा डबीवर. अँपची बटणं रामप्रसादनं स्वतः लावून दिली, अँपच्या तोंडाशी माइक ठेवला आणि तो खाली रस प्यायला गेला. तो परत येईपर्यंत तिनं सगळ्या तुकड्यांचा आवाज बराबर केला, कारण जरा मोठं वाजलं की कानाला तेच बरं वाटतं. मग क्रम उलटसुलट केला आणि रामप्रसादला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"अँप," तो म्हणाला. मग, "डबी. डबी. अँप. डबी. अँप."

सहाच्या सहा बरोबर! आवाज तर तिच्या कानांना सारखेच वाटत होते, मग या बाबानं ओळखलं कसं? ती वायर गुंडाळायला लागली. डोळे भरून आले होते, ते कोणाला दिसू नयेत म्हणून मान खालीच ठेवली.

"थांब पोरी," कोपऱ्यातून सेवाकाका म्हणाले. आपल्या नगाऱ्याला माइक कुठं लावायचा ते बघायला आले होते म्हातारबा. "पुन्यांदा लाव बरं ते पयलं."

तिनं लावलं.

"माझा नगारा काहून वाजून राहिला याच्यात?"

रामप्रसाद वळून बघायला लागला. नगारा अँपच्या शेजारीच होता. उंबऱ्याबाहेर, भुईवर तो ठेवायचा नाही, हा काकांच्या घरचा नेम. म्हणून सकाळी मांडीवर धरून उन्हात तापवला, कातडं ताणून घेतलं आणि खोलीतच घोंगडीच्या घडीवर मांडला. त्याच्या बाजूला अँप मोठ्यानं वाजला की कातडं बारीक घुमायचं आणि माइक तेही उचलायचा. डबी तर मुकी, तिच्यानं कातडं काय घुमणार?

"म्हंजे तुमी अँप न्हाई वळखला, दादा," शितल हळूच म्हणाली. "नगारा वळखला."

"पुन्हा घे," रामप्रसाद म्हणाला.

काका नगारा मांडीवर घेऊन जिन्यात जाऊन बसले. रामप्रसादही उठून खाली गेला. पुन्हा सहा वेळा तीच चाल, पुन्हा आवाज बराबर, पुन्हा भिंतीकडे तोंड. या वेळी तो एकेक तुकडा तीन-तीनदा लावायला सांगे.

सहापैकी चार चुकले. चौथ्याला तर मान डोलावून म्हणाला, "हा बघ, याला म्हणतात ट्यूब." ती डबी होती.

शितलनं सांगितलं तेव्हा त्यानं ती डबी हातात घेऊन उलटी करून बघितली. माणूस हट्टी, पण कानाशी खोटं बोलणारा नव्हता. त्यानं फोन काढला आणि तिच्यासमोरच नांदेडला लावला.

"हां, नमस्कार. तुमी येऊ नका आता... न्हाई, गिटारवाली भेटली. तांड्यावरचीच हाये, जिवनबाईची पुतणी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. रामप्रसादनं अँपकडे बघितलं, मग शितलकडे. "न्हाई, अँपवर न्हाई वाजवत. काय वाजवते ते मला इचारू नका. मलाच वळखू आलं न्हाई."