चार दिवसांत निवडलेला लेप

मित्रांनो, मी एक जुनी टायटॅनियमची पट्टी आहे. ऐटीत सांगायचं तर इलेक्ट्रोड. २००६च्या अखेरीस सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेत मला कामाला जुंपलं. आम्लात बुडून राहायचं, अंगातून वीज जाऊ द्यायची आणि पाण्यातला ऑक्सिजन सुटा करायचा, एवढंच माझं काम. उघड्या टायटॅनियमवर वीज अडते, म्हणून आम्हाला धातूच्या ऑक्साइडचा लेप लागतो. कोणता लेप टिकेल, हे प्रबोधने शोधायचं होतं.

प्रबोध नागपूरहून आलेला संशोधक. त्याने मला रुथेनियम धातूचा लेप दिला, शेजारच्या पट्टीला, माझ्या शेजारणीला, इरिडियमचा. ब्रशने एक हात द्यायचा, भट्टीत भाजायचं, असं दहा वेळा. इतक्या मायेने मला पुन्हा कुणी हाताळलं नाही.

शेजारणीएवढाच ऑक्सिजन मी कमी व्होल्टेजवर काढत होते. माझं कौतुक झालं आणि मी फुगले, खोटं कशाला बोलू? पण माझा लेप आम्लात विरघळत होता. ते कुणाला दिसलं नाही, कारण प्रबोध भारी टापटिपीचा. रोज सकाळी आम्ल बदलायचा. माझी झीज त्याबरोबर ओतली जायची.

“प्रबोध, महिनाभर टेस्ट चालू दे रे,” त्याच्या वरिष्ठ विनीताताई म्हणाल्या.

“ताई, व्होल्टेज बघा ना! शुक्रवारी मॅनेजमेंटला रिपोर्ट द्यायचाय.”

चौथ्या दिवशी माझी निवड झाली. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यासाठी माझ्यासारख्या दोनशे पट्ट्या बनल्या. माझी टेस्ट मात्र चालूच होती. मग चिनी नववर्षाची सुट्टी आली आणि चार दिवस आम्ल बदललं गेलं नाही. प्रबोध परतला तेव्हा आम्ल तपकिरी झालं होतं आणि माझ्यातून वीज जात नव्हती. तो विनीताताईंना बोलावून घेऊन आला.

“ताई, तिकडे सगळ्या पट्ट्या बसवून झाल्यात,” तो म्हणाला.

त्या पट्ट्याही महिन्याभरात गेल्या. प्रबोधची नोकरी गेली, नोकरीबरोबर सिंगापुरात राहण्याचा पासही. टॅम्पिनीसचा फ्लॅट सोडण्याआधी तो लेकीला, राणीला, प्रयोगशाळेत घेऊन आला.

“पप्पा, धिस वन स्पॉइल ऑलरेडी लाह. थ्रो?” राणीने मला उचलून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

“नको गं. तिची काही चूक नाही.”

मला तेव्हा फार रडावंसं वाटलं. पुढे विनीताताईंनी मला घासून इरिडियमचा लेप दिला. आज मी उत्तम चालते. मित्रांनो, पट्टीला मिळाली तशी दुसरी संधी माणसालाही द्या. प्रबोधला इथून पुन्हा कुणी बोलावलं नाही.