मरळीचं डोहाळजेवण

कुरुंदवाडच्या बनाबाईच्या दारातून कुणी उपाशी परत गेल्याचं गावात कुणाला आठवत नाही. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा ती चहावर सोडायची नाही, भाकरीलाच बसवायची. तेव्हा तिची सून अनुजा हिनं शेतातल्या तळ्यात मरळी आणून सोडल्या, त्याच दिवशी त्या माशांची चंगळ ठरून गेली होती. हे अनुजाच्या मात्र ध्यानात आलं नाही.

अनुजा कोल्हापूरच्या एका कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवायची. नदीतली मरळ कमी होत चालली होती. तिची पिल्लं तळ्यात जन्माला घालता आली, तर क्षारपड होऊन पडून राहिलेल्या रानांत तळी खोदून लोकांना मासा पाळता येईल, या ध्यासानं ती झपाटली होती. पण दोन पावसाळे गेले तरी मरळींनी अंडी घातली नव्हती. आता तिसऱ्या पावसाळ्यातही जमलं नाही तर काम बंद आणि मरळी दुसऱ्या तळ्यात, असं या कामाला पैसे देणाऱ्या मत्स्य केंद्रानं स्पष्ट सांगितलं होतं.

ज्येष्ठात माद्यांची पोटं टम्म दिसू लागली आणि अनुजा हरखली. बनाबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं तळ्यावरच्या जाळीला हिरवा खण बांधला, शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावलं, पुरण घातलं. डोहाळकरणीला मागेल ते द्यायचं असतं, आणि या बिचाऱ्यांना तर मागताही येत नाही! म्हणून सुनेची पाठ वळली की खिमा, उकडलेली अंडी आणि ओल्या चिंगळ्या, म्हणजे बारीक कोळंबी, टोपलीटोपलीनं पाण्यात पडू लागल्या. अनुजानं खण पाहिला, पोटभर हसली आणि पुरणपोळीही चापून खाल्ली.

माशांनी अंडी घालावीत म्हणून तिनं त्यांना इंजेक्शनं दिली. पण मरळी जेवून लवंडलेल्या पाहुण्यांसारख्या तळाशी सुस्त पडून राहिल्या. मग एका मादीनं जाळीच्या फटीतून उडी मारली आणि सकाळी ती बांधावर मेलेली सापडली. अनुजानं तिचं पोट उघडलं. आत अंडी नावापुरती होती, बाकी सगळी चरबी.

मग टोपलीची गोष्ट बाहेर आली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच अनुजाचा आवाज चढला. बनाबाईचं तोंड एवढंसं झालं.

"माझ्या हातानं तुझ्या कामाचं वाटोळं केलं की गं," ती म्हणाली.

अनुजाचा राग तिथंच विरला. बारीक नळीनं अंडी काढून तपासायची सोडून आपणही नुसत्या पोटावर भाळलो, हे तिला कळत होतं, आणि स्वतःचीच लाज वाटत होती.

"तुम्ही एकट्यानं न्हाय, आत्ती. पोळी मी बी खाल्ली की."

त्या दिवसापासून मरळींचं खाणं मोजून मापून सुरू झालं. बनाबाईचा स्वतःवर भरवसा नव्हता. तिनं तळ्याच्या फाटकाची किल्ली मुलाकडे, सम्राटकडे देऊन टाकली. मासे उपाशी असताना घास गिळवेना म्हणून ती स्वतःही एक वेळच जेवू लागली. शेजारणी तिला चिडवून म्हणाल्या, मासे राहू देत, तूच बारीक झालीस. सगळा श्रावण असा गेला.

पावसाळा उतरणीला लागला तेव्हा अनुजानं या वेळी नीट तपासून शेवटची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या कोपऱ्यात पाणवनस्पती गोल बाजूला सारलेली दिसली. मधे पिवळी अंडी तरंगत होती आणि खाली नर राखण करत होता. अनुजा चिखलातच बसली आणि हसता हसता रडली. तिनं तिथूनच केंद्राला फोन लावला.

पिल्लं बाहेर पडली आणि थोड्याच दिवसांत त्यांचा थवा पाण्यावर वळवळू लागला. बनाबाई दोन्ही हात पाठीमागं बांधून लांब, बांधावरच उभी राहिली. अनुजानं तिला हाताला धरून काठावर आणलं. बारीक वाटलेल्या चिंगळ्यांची वाटी तिच्या हातात दिली.

"ही पिल्लं भुकेली राहिली तर एकमेकांस्नीच खात्यात, आत्ती. दिवसभर थोडं थोडं घालत राहायला पायजे. आता हात आखडू नका."

बनाबाईनं पाण्यातला तो थवा न्याहाळला आणि पदर खोचला.

"एवढ्या लेकरांस्नी ही वाटी कुठली पुरती?" म्हणत ती पातेलं आणायला घराकडे पळत सुटली.